भिंगावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. घड्याळजी डोळ्याला लावून काम करतात ना, त्यातलं. काळ्या नळकांड्यात बसवलेलं, जेमतेम अंगठ्याएवढं. आकाराने मी लहान, पण तोरा मोठा आहे; तेवढा चालवून घ्या.

कारखान्यात मला इतकं घासलं होतं, की अजून आठवलं तरी नको वाटतं. तिथून मी एका घड्याळजींच्या दुकानात आलो आणि चाळीस वर्षं त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसलो. केसाहून बारीक स्प्रिंगा, दाते झिजलेली चाकं, सगळं मीच त्यांना दाखवलं. डोळ्यांत तेल घालून काम करणारा माणूस होता तो. गिऱ्हाइकं त्यांच्या हाताचं कौतुक करायची. माझं कुणी करत नसे, आणि ते मला लागायचं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस मी त्यांच्या बोटांतून निसटलो आणि चिमट्याच्या टोकावर आपटलो. माझ्या काचेच्या कडेला ओरखडा उठला. तेव्हापासून डोळ्याला लावण्याआधी ते मला पाव फेरा फिरवायचे. ओरखडा खाली जायचा आणि काम निभायचं. पण वर्षभरात त्यांनी दुकान बंद केलं. विचारणाऱ्याला सांगायचे, डोळे साथ देत नाहीत. त्यांचे डोळे ठणठणीत होते. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? पण मला तोंड कुठे आहे!

मग मी पाच वर्षं खणात पडलो. सोबतीला तुटके पट्टे आणि संपलेले सेल. कसे दिवस काढले, विचारू नका.

मला बाहेर काढलं त्यांच्या नातीने. घरात तिला सगळे खटपटी म्हणतात. मुलांसाठी प्रयोग दाखवणाऱ्या एका वेबसाइटवर तिने पाहिलं होतं, की मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग चिकटवलं की सूक्ष्मदर्शक तयार होतो. आईचा जुना मोबाइल, चिकटपट्टी आणि मी. पहिल्यांदा तिने मिठाचे दाणे पाहिले. चौकोनी, काचेच्या विटांसारखे. तिने तोंडातच बोट घातलं. मग कांद्याचा पापुद्रा, सुताचा धागा, मुंगीचा पाय. पडद्यावर दिसेल ते ती रंगवायची, अगदी जसंच्या तसं.

आणि इथेच घोटाळा झाला. प्रत्येक चित्रात उजवीकडे वर एक पुसट पांढरी रेघ होती. खटपटीने मनाशी ठरवलं, की जगातल्या प्रत्येक वस्तूत एक लपलेली रेघ असते आणि ती आपल्याला सापडली आहे. वेबसाइटवर निवडक चित्रांचं प्रदर्शन लागणार होतं. तिने सहा चित्रं पाठवली आणि वर लिहिलं, ‘माझा शोध’. माझा जीव टांगणीला लागला. तो शोध नव्हता हो, तो माझा ओरखडा होता! पोर सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार होती, आणि तेही माझ्यापायी.

दोन दिवसांनी तिथल्या विज्ञानाच्या ताईंचं उत्तर आलं. ‘निरीक्षण छान आहे. आता मीठ, मोबाइल आणि भिंग एकेक करून फिरवून बघ. रेघ कशाबरोबर फिरते?’

तिने मिठाची बशी फिरवली. रेघ जागची हलली नाही. माझ्यासकट मोबाइल फिरवला, तरी पडद्यावर तीच गत. मग मला फिरवलं, आणि रेघ माझ्याबरोबर सरकली. खटपटीचा चेहरा पडला. भिंगच खराब आहे म्हणाली, चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि मला खणात टाकायला निघाली. मी मनात म्हटलं, संपलं.

खुर्चीत बसलेल्या आजोबांनी हात पुढे केला. हात थरथरत होता.

“त्याला बोल लावू नकोस,” ते म्हणाले. “माझा हात पहिल्यांदा थरथरला, त्या दिवसाची रेघ आहे ती. डोळ्यांचं मी सगळ्यांना खोटं सांगितलं.”

खटपटीने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग हळूच म्हणाली, “मग तुम्ही पुढे काम कसं केलंत?”

त्यांनी मला बोटांत धरलं, पाव फेरा फिरवलं आणि तिच्या मोबाइलवर टेकवलं. रेघ पडद्याबाहेर गेली. पाच वर्षांनी तो फेरा पुन्हा वाट्याला आला. मला भरून आलं.

खटपटीने सहापैकी एकाही चित्रातली रेघ खोडली नाही. ताईंना तिने कळवलं, की रेघ आजोबांच्या भिंगावरची आहे, बाकीचं वस्तूंचं आहे. आणि एक सातवं चित्र पाठवलं, आजोबांच्या बोटाच्या टोकाचं. त्यातल्या ठशाच्या वळ्या दुहेरी, हललेल्या होत्या. त्याखाली तिने लिहिलं, ‘हे खरंच हलतं. भिंग फिरवून खात्री केली आहे.’

प्रदर्शनात तेच चित्र लागलं. आजोबांनी ते शेजाऱ्यांना स्वतः दाखवलं, आणि हात खिशात लपवला नाही.

तर मित्रांनो, मला मऊ सुती कापडानेच पुसत जा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना खणात टाकण्याआधी एकदा पाव फेरा फिरवून पाहा, एवढंच मागणं आहे.