पोकळ झाकण

मी एक जुनी पेटी आहे, लशी थंड ठेवणारी. हल्ली मला माळ्यावरची अडगळ म्हणतात. म्हणोत बापडे.

मित्रांनो, मला एका मिस्त्रीबाबांनी घडवलं, आपल्या लेकीसाठी. ती नर्स होती. खांद्याला पेटी अडकवून वस्त्यावस्त्यांवर लस द्यायला जायची. दवाखान्याची पेटी थर्माकोलची होती आणि तिच्या कोपऱ्यांतून भुगा गळायचा. बाबांनी नाक मुरडलं. माझ्या दुहेरी भिंतींत त्यांनी पातळ फोम ओतला. तो कणकेसारखा फुगला आणि कानाकोपरा भरून घट्ट बसला.

झाकण मात्र त्यांनी पोकळच ठेवलं. म्हणाले, "थंडी खालीच बसते. झाकण कशाला भरायचं? पोरीच्या खांद्याला तेवढंच हलकं."

दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. ताई सगळ्यांना सांगायची, "माझ्या बाबांनी केलीय!" मीही जरा फुशारले होते, खोटं कशाला बोलू?

मग एका कडक उन्हाळ्यात वाटेत बस बंद पडली. मी टपावर, ऊन थेट झाकणावर. तीन तासांनी ताईनं मला उघडलं, तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. प्रत्येक कुपीवर एक चौकोन असतो, लस तापली की तो काळा पडतो. सगळे काळे पडले होते. समोर एकवीस बाळं होती.

घरी आल्यावर ताईनं मला बाबांपुढे आदळलं. "लांबून चालत आल्या होत्या हो त्या बाया! तशाच परत पाठवल्या मी!"

बाबांनी माझ्या झाकणावर टिचकी मारली. टणटण आवाज आला. त्यांची मान खाली गेली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

ताईला दवाखान्यानं नवी, जाड झाकणाची पेटी दिली. मी घरामागच्या बाबांच्या कारखान्यात, एका कोपऱ्यात धूळ खात पडले. एका दुपारी बाबांनी मला उचललं. झाकणाला भोक पाडून त्यांनी फोम ओतला, भोक बुजवायला लाकडी गुडदी ठोकली. मग बर्फ भरून मला दिवसभर उन्हात ठेवलं. संध्याकाळी उघडून पाहिलं, तर बर्फ शाबूत!

"जड झालीस गं," ते म्हणाले, "पण आता दगा देणार नाहीस."

त्यांनी मला घराच्या दाराशी ठेवलं, ताई चपला घालायची तिथेच. ती रोज नवी पेटी घेऊन माझ्या शेजारून निघून जायची. बाबा रोज खुर्चीतून बघायचे. 'भरलंय झाकण' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. आणि मला तर तोंडच नाही.

थंडीत बाबा गेले. कारखाना रिकामा करायला आलेल्या भंगारवाल्यानं दाराशी मलाही उचललं. ताईनं सहज झाकणावर टिचकी मारली. आवाज भरीव आला. तिनं पुन्हा मारली. मग तिच्या बोटांना ती गुडदी लागली.

"बाबा, सांगायचं ना हो," म्हणत ती माझ्यावर डोकं टेकून रडली. भंगारवाला मला तिथेच ठेवून गुपचूप निघून गेला.

मित्रांनो, तुमच्या दाराशीही कुणी काही दुरुस्त करून ठेवलं असेल. जाता जाता एक टिचकी मारून बघा, ते माणूस खुर्चीत बसलेलं आहे तोवर.