आवाज बंद ठेवून पाहिलेलं अस्वल

चष्म्याच्या दांडीचा तो स्क्रू, मोहरीएवढाही नाही, चिमट्याच्या टोकावर धरलेला... आणि तो भोकात बसायच्या आतच समोरच्या मुलीच्या हातातल्या फोनवर एक अस्वल नदीत पडलं. दुमडलेल्या कानाचं. दुकानात चष्मा दुरुस्त करत बसलेल्या तिचा चिमटा तसाच राहिला. तेच की! तीच पिवळी होडी, काठावर तीच लांब मानेची बदकीण, आणि बदकीण गोड, कापऱ्या आवाजात ओरडत होती, "वाचवा, वाचवा!"

"ती असं कसं ओरडेल?" हे ती मोठ्यानेच म्हणाली असावी, कारण मुलीच्या आईने "काय झालं?" म्हणून विचारलं. काही नाही, म्हणत तिने चष्मा मुलीच्या नाकावर बसवला, कानामागे बोट घालून दांडी किती वाकवायची ते पाहिलं, आणि जाता जाता मालिकेचं नाव विचारून घेतलं. नाव अगदीच नवं वाटलं. ते तिला कधी माहीतच नव्हतं.

माहीत असणार कुठून? लहानपणी बाबा छापखान्यात, रात्रपाळीला. दुपारी घरी झोपायचे, आणि घर म्हणजे एक खोली आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे टीव्ही. तो लावायला कुणाची ना नव्हती, पण आवाज बंद म्हणजे बंद. खुट्ट झालं की आई डोळे वटारायची. मग दादा कानाला तोंड लावून सगळ्यांचं बोलायचा. अस्वल म्हणजे हेडमास्तर — घोगरे, पोक्त, हरवलेलं घर शोधायला होडीतून निघालेले. बदकीण म्हणजे थेट आत्या... आमचीच आत्या, जी आली की चप्पल काढायच्या आधीच सुरू व्हायची. अस्वल बुडालं की बदकीण चोच उघडझाप करायची आणि माझ्या कानात गरम वाफ यायची — "बुडलास? बूड आता! सांगत होते, स्वेटर घाल!" — आणि मी तोंडात उशी कोंबून हसायचे, पार पोट दुखेपर्यंत. चारचौघांत हाच दादा मुखदुर्बळ होता, यावर माझा तेव्हा विश्वासच बसायचा नाही.

दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी डबा उघडून तिने एकामागून एक भाग पाहिले. आवाजासकट. हेडमास्तर चक्क मठ्ठ निघाले. घरबिर काही शोधत नव्हते, मासे चोरत होते. आणि होडी वळणाशी आली की दादाच्या तोंडून "पुढच्या वळणावर असेल, चल" म्हणणारी आत्या मुळात गाणं म्हणत होती, तेही भिकार. तिचा घास तोंडातच फिरत राहिला. फसवलं की आपल्याला!... पण कुणी? नोकरी जाता जाता राहिली तेव्हा, बाळंतपण अडलं तेव्हा, मी दात-ओठ आवळून मनाशी म्हणत होते ते "पुढच्या वळणावर असेल" एका शाळकरी पोराने ऐनवेळी सुचेल तसं ठोकून दिलेलं होतं. जगात ते दोघांनाच ठाऊक. दोघांना... की आता मला एकटीलाच?

कारण गेल्या वर्षी मेंदूचा झटका आल्यापासून दादा बोलत नाही. ऐकतो, जेवतो, हात धरला तर चालतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात. त्या "आ करा" म्हणाल्या की तो खिडकीकडे बघत बसतो. काल वहिनीचा फोन आला होता. "उद्या येऊन जा गं. बाईंना आता नको म्हणून सांगावं म्हणते. त्याच म्हणतात, ह्यांच्या मनातच नाही. तुझं काय म्हणणं?" ती "बघू" म्हणाली होती. खरं सांगायचं तर तिनेही केव्हाच हाय खाल्ली होती. कुणी विचारलं तर ती "दादा फार गमत्या होता" म्हणायची. होता! आणि तसं म्हणताना जीभही चावायची नाही.

संध्याकाळी वहिनीने दार उघडलं. "बस, चहा टाकते. आज अंघोळीलासुद्धा गुमान गेले. त्रास म्हणून काही देत नाहीत गं... तेच तर." आणि ती आत गेली.

दादा खुर्चीत बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. तिने फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि तो भाग लावला. दादा पडद्याकडे भिंतीकडे बघावं तसा बघत राहिला. मग तिने आवाज बंद केला. अस्वल पडलं, बदकीण काठाशी आली, चोच उघडली... ती दादाच्या ओठांकडे टक लावून बसली, आणि तिची तिलाच लाज वाटली. बाईंसारखीच झाले की मी! शेवटी तिनेच त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजली, "बुडलास? बूड आता! सांगत होते, स्वेटर घाल!"

दादाचा डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला.

ती दचकली. भाग मागे नेऊन तिने तेच पुन्हा म्हटलं, या खेपेला आत्याच्या ठसक्यात. हात पुन्हा आपटला. कपाळाला आठी.

"स्वेटर नाही? मग... टोपी?"

हात.

"मफलर? छत्री? अरे, चांगलं आठवतंय मला, स्वेटरच होता!"

हात, आणखी जोरात.

"मग तूच सांग ना काय ते!"

वहिनी गाळणं हातात घेऊनच धावत आली. "अगं, ओरडतेस काय त्यांच्यावर? काय केलं त्यांनी?"

"चुकतंय म्हणतोय."

"म्हणतायत?" वहिनी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कानाशी लागलेलं सहन होत नाही हल्ली त्यांना. वैतागले असतील." असेलही. तेच खरं असेल. "बाईंना मग काय सांगू मी?"

"थांबा हो वहिनी जरा!" तिने मान वळवली नाही. दादा तिच्याकडे रोखून बघत होता आणि ती त्याच्याकडे. मोठा आलाय शहाणा... स्वतः तोंड उघडायचं नाही, आणि दुसरं कुणी बोललं की चुका काढायच्या. जन्मभर हेच. नाक फुगलं होतं तिचं, कानशिलं तापली होती. एरवी या खोलीत पाऊल टाकलं की भरून यायचं, आवाज आपोआप मऊ व्हायचा. आत्ता त्यातलं काही नव्हतं. तिला त्याचा राग आला होता, सणकून, आणि तो लगेच जाऊ नये असं वाटत होतं.