उडीचं बटण

"मेला," दिव्या म्हणाली. "तेरावा."

टीव्हीवरच्या खेळातला वज्रवीर पहिल्याच खड्ड्यात पडला होता. त्याचा लाल शेला तेवढा क्षणभर वर तरंगला, मग तोही गेला. दिग्विजयने रिमोट उलटा करून तपासला. महाळुंग्याच्या कारखान्यात तो क्वालिटीला होता. दोष मालात असतो, तपासणाऱ्यात नाही, अशी त्याची अकरा वर्षांची श्रद्धा होती.

"अहो, बघायला आला होतात तेव्हा काय सांगितलंत? अख्ख्या कॉलनीत हा खेळ फक्त तुम्ही संपवलात म्हणून!"

"संपवला होता! पोरांनी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं मला."

"मग उतरवताना डोक्यावर पाडलं असणार."

लहानपणीचा हा टीव्हीवरचा खेळ त्याने मुद्दाम शोधून मागवला होता, दिव्याला एकदा दाखवून द्यायला. आज गुरुवारची सुट्टी त्यातच चालली होती.

कंपनीत माल परत आला की पाचदा 'का' विचारायची पद्धत होती. त्याने लाइटबिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं. खड्ड्यात का पडला? उडी उशिरा. उडी उशिरा का? उजवा अंगठा उशिरा. का? सवय नाही. सवय का नाही?

इथे पेन थांबलं. निगडीच्या जुन्या घरात दोनपैकी एकच रिमोट चालायचा. भांडण नको म्हणून आईने तो वाटून दिला होता. डावी बाजू त्याची, म्हणजे पळणं. उजवी स्वरूपाताईची. उडीचं बटण त्याने जन्मात दाबलं नव्हतं.

पाचवा 'का' त्याने लिहिला नाही. तळेगावला ताईला फोन लावला.

"अगं, उड्या तू मारायचीस! तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? चष्मा फुटेल म्हणून तुला कुणी क्रिकेटला घ्यायचं नाही. तेवढं एकच तुझं होतं, दिग्या." मग ती हसली. "थांब, शिफ्ट सुटली की येते."

चार वाजता ती स्कूटीवरून आली. दिग्विजयने बायकोसमोर अख्खा रिमोट तिच्या हातात दिला.

"दिव्या, खरी चॅम्पियन ही. मी नुसता पळायचो."

ताईने खेळ सुरू केला. वज्रवीर जागच्या जागी उड्या मारू लागला. शाळेतली कवायत चालावी तसा मिनिटभर त्याच जागी.

"मला पळता येत नाही रे. ते खातं तुझं!"

मग दोघं खेटून बसली. मध्ये एक रिमोट. वज्रवीर सुसाट निघाला आणि खड्ड्यात गेला. पुन्हा गेला. दिव्या आता मोजत नव्हती.

दिग्विजयने ताईच्या अंगठ्याकडे पाहिलं. सांधा सुजून सुपारीएवढा झाला होता. तो वाकायलाच वेळ लावत होता.

"क्लिपा," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "कारखान्यात अंगठ्याने दिवसाला नऊशे दाबून बसवते. बारा वर्षं झाली. सकाळी कपसुद्धा धरवत नाही. चल, लाव परत."

त्याने परत लावलं. या वेळी वज्रवीर रमतगमत निघाला, जेवणानंतर शतपावली करावी तसा.

"अहो, पळा की!" दिव्या ओरडली. "मागून राक्षस येतोय!"

"येऊ दे," दिग्विजय म्हणाला.

वज्रवीर खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. पाठीवर राक्षसाचे तडाखे घेत, ताईचा अंगठा खाली येईपर्यंत.