पोटदुखीचं जर्मन

धोंडू परबांनी जर्मन शिकायला घेतलं ते लेकीच्या सांगण्यावरून. अनुजा आणि तिचा नवरा हॅनोव्हरला असतात. तिने आईबाबांना उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी बोलावलं, तेव्हा एकच अट घातली. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात असणार, तेव्हा पाव-दूध आणण्याइतकं, रस्ता विचारण्याइतकं तरी बाबांनी शिकून यायचं.

परब बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, राहायला काळाचौकीच्या चाळीत. शोधत शोधत ते परळच्या एका क्लासात पोचले. तिथे सगळ्या नर्सच होत्या, जर्मनीतल्या हॉस्पिटलांत नोकरी मिळावी म्हणून परीक्षेला बसणाऱ्या. प्रवाशांसाठी वेगळी बॅच नाही, असं शिकवणाऱ्या संघमित्रा मॅडमनी सांगितलं. पण परबांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनाच राहवलं नाही. मागच्या बाकावर बसा, कानावर पडेल तेवढं तुमचं, असं म्हणून त्यांनी परबांना आत घेतलं.

थोड्याच दिवसांत परब मागच्या बाकावरून पुढे आले. बोलण्याच्या सरावाला पेशंट लागायचा आणि आपापसात पेशंट झालं की पोरी हसत सुटायच्या. परब मात्र मन लावून कण्हायचे. कुणी "वो टुट एस वे?" म्हणजे कुठे दुखतंय, असं विचारलं, की ते पोट धरून सगळी हकिगत सांगायचे.

वडाळ्याची आकांक्षा व्याकरणात सगळ्यांच्या पुढे, पण तोंडी परीक्षेत दोनदा नापास झालेली. समोर परीक्षक दिसला की तिची जीभ जड व्हायची. परबांची तिला भीती वाटत नसे, कारण ते तिच्याहून जास्त चुकायचे. क्लास सुटल्यावर दोघं जिन्यात बसून सराव करत. आधी काकांचं दुखणं, मग वेळ उरला तर काकांसाठी तिकीट, बेकरी, रस्ता. तिसऱ्या खेपेला ती पास झाली. पेढ्यांचा पुडा तिने आधी परबांपुढे उघडला, मग मॅडमपुढे. परबांना इतकं बरं वाटलं की आपली तिकीट-बेकरी कच्चीच राहिली आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ते ध्यानात आलं रविवारी, व्हिडिओ कॉलवर. अनुजाच्या खाली राहणाऱ्या लोरेन्झबाई केक घेऊन वर आल्या होत्या. अनुजाने कौतुकाने फोन त्यांच्यासमोर धरला. बाईंनी हसून "वी गेट एस इनन?" असं विचारलं. कसे आहात, एवढंच. पण क्लासात या प्रश्नानंतर परबांचं पोट दुखायचंच. ते सरळ सांगून मोकळे झाले, की पोट दुखतंय आणि चक्करही येते. बाईंचं हसू मावळलं. ताप आहे का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न कळल्याच्या आनंदात परबांनी तापही कबूल केला. बाई घाईघाईने अनुजाकडे वळल्या, डॉक्टरला बोलवायला सांगू लागल्या. तिकडे अनुजाने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात रखमाबाईंनी नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाल्या, "ऊन्स गेट एस गूट. वीर कॉमेन बाल्ड." आम्ही बरे आहोत, लवकरच येतोय.

लोरेन्झबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पुढे बरंच काही बोलल्या. त्यातलं रखमाबाईंना काही कळलं नाही, तरी त्या "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत राहिल्या.

"आई, तू कधी शिकलीस?" अनुजाने विचारलं.

"ह्ये रोज मोठ्यान पाठ करतत," रखमाबाई म्हणाल्या. "मी काय कान बंद करून रवतंय?"

परबांना क्षणभर वरमल्यासारखं झालं. मग त्यांना हसूच आवरेना. पुढचा क्लास होता त्या दिवशी ते बायकोलाही सोबत घेऊन गेले. मॅडमनी फार चौकशी केली नाही. टेबल पुढे ओढून त्यांनी बेकरी मांडली आणि रखमाबाईंना गल्ल्यावर बसवलं.

परब पाव मागायला उभे राहिले. दोनदा त्यांचा उच्चार चुकला आणि दोन्ही वेळा रखमाबाईंनी पाव दिला नाही. तिसऱ्यांदा शब्द नीट आला, तेव्हा त्यांनी पावाच्या जागी ठेवलेलं डस्टर कागदात गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पोरीला जर्मनमध्ये विचारलं, तुम्हाला काय हवंय?