पाळीवरची हाक

टीव्हीवाले त्याले कालकवच म्हणत. आम्ही डब्बा म्हणतो. काळा, दोन माणसाएवढा उंच, चालला का जमीन हाले, बोलला का भोंग्यावानी आवाज. चंद्रपुरात त्यानं काय काय फोडलं ते साऱ्यायनं टीव्हीवर पाह्यलं. आमच्या गावात फोडलं ते कोणी दाखवलं नाई. आमच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फोडली त्यानं, अन् तवा त्या पाळीवर करिष्माचे बाबा उभे होते.

करिष्मा माझी पोरगी, मुलचेऱ्याले देली हाय. तिचे बाबा म्हणजे माझे मालक. मी त्यायचं नाव घेत नाई. आमच्यात बायको घेतच नाई. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, ते बी नणंदा दार अडवून उभ्या होत्या म्हणून.

झालं असं का हा डब्बा अन् तो दुसरा, उडणारा, ज्याचे पोस्टर चामोर्शीच्या बस स्टँडवर लागले हाय, दोघं हवेत मारामारी करत करत आमच्या शिवारावर आले. तलाव काठोकाठ भरला होता. करिष्माचे बाबा तुडुमाजवळ होते. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी बांधीत, धानाच्या शेतात, सोडाचं तोंड. उडणाऱ्यानं याले खाली फेकलं, हा धाडकन पाळीवर पडला. उठाले म्हणून पायातून जाळ सोडला अन् गेला भुर्रकन वर. पाळ तिथूनच फुटली. करिष्माचे बाबा दुसऱ्या दिवशी खालच्या बांधीत सापडले, धानात.

उडणाऱ्याचा सत्कार झाला म्हणते. आमच्याकडे तो बी फिरकला नाई.

आता आमच्या पाळीची रीत सांगते, नाई तं पुढचं समजणार नाई. दर साली मिरुगाच्या पावसाआधी एक दिवस धरतात. घरटी एक माणूस पाळीवर येते, अनवाणी. प्रत्येक घराचा पाळीवरचा वाटा ठरलेला, आजेसासऱ्याच्या बी आधीपासून. त्या वाट्यात ओली माती टाकाची अन् पायानं तुडवाची. आधी कोतवाल एकेका घरच्या कर्त्याचं नाव घेऊन हाक मारते, "अमक्याच्या घरचा कोण?" घरचा माणूस म्हणते, "आला." घरचा म्हणजे पोरगा, जावई, सालदार, बाई, कोणीबी चालते, घरानं आपला म्हटला का झालं. पण एका घरच्या वाट्यात दुसऱ्या घरच्यानं पाय टाकाचा नाई. कोणीच टाकत नाई.

आमचा वाटा तुडुमाजवळ. जिथी फुटली तोच.

मागच्या साली हरिदास कोतवालानं हाक मारली तवा मी तिथंच होती. तोंड उघडलं नाई. जावई आला होता, त्याले चहा पाजून परत धाडला. लोकं म्हणे, वच्छलाबाई, तुमीच या ना. कशी येऊ? माझे पाय तिथी टेकतच नव्हते. खिंडार तसंच राह्यलं, तलावात पाणी थांबलं नाई, अन् साऱ्या गावाचा धान लोंबी येता येता वाळला. एक साल लोकायनं सोसलं. कोणी मले एक शब्द बोललं नाई, हेच तं जास्त खुपे.

या साली मिरुग तोंडावर आला अन् माझी झोप उडाली. घरात बसवे ना, बाहेर उभं राहावे ना. चूल पेटवली का विझवून द्याची, खाट अंगणात टाकली का उचलून आत आणाची. दिवसातून कितीदा तरी त्या खिंडारापाशी जाऊन येत होती. शेजारची रीता म्हणे, "बाई, पायाले भोवरा लागला का वो तुमच्या?" मी म्हटलं, "तुले काय करा लागते? आपली भाजी पाह्य." पण खरं म्हणत होती ती.

पाळ तुडवाच्या आदल्या दिवशी सकाळीच रीता बोंबलत आली, "वच्छलाबाई! खिंडार भरलं!"

गेलो सारे धावत. खरंच भरलं होतं. मोठमोठे दगड, त्यावर मुरूम, त्यावर माती, वरून रंधा मारल्यावानी सपाट. माणसाच्या वीतभर पावलांनी नाई, या अशा परातीएवढ्या ठशांनी दाबलेलं. सारं गाव खूश. म्हातारे नाचाचे बाकी राह्यले होते.

माझं डोस्कंच फिरलं. मी कोणाच्या तरी हातचा फावडा हिसकला अन् खोदाले लागली.

"अवो काय करून राह्यल्या!" हरिदासभाऊ ओरडला. "वर ढग पाहा ना!"

"माझ्या घरचा वाटा हाय. मले विचारलं कोणी?"

"पण भरला ना वो!"

"मले विचारलं कोणी?"

रीतानं माझा हात धरला. "बाई, माझ्या घरी दोन लेकरं हाय. या साली बी धान नाई झाला तं काय खाऊ घालू?" ती रडत होती. मी हात सोडवून घेतला अन् खोदत राह्यली. मले मालूम होतं का मी सारं गाव उपाशी मारून राह्यली. मालूम असून थांबता येत नव्हतं. असं बी होते माणसाचं.

तवा मोहाच्या झाडामागून तो निघाला. डब्बा. लोकं असे पांगले का कोणाच्या चपला तिथंच राह्यल्या. मी उभी राह्यली. मले काऊन भेव वाटन? माझं होतं नव्हतं ते त्यानं कवाच नेलं होतं.

"मी कालकवच," त्याचा भोंगा वाजला. "मी माझ्या पापांचे प्रायश्चित्त घ्यायला आलो आहे."

"हळू बोल," मी म्हटलं. "बहिरी नाई मी."

तो थबकला. मंग मानेजवळ काहीतरी खटखट केलं अन् वरचं टोपडं काढलं. आत पोरगं. तिशीचं असन. केस घामानं चिकटलेले, तोंड उन्हं न पाह्यल्यावानी पांढरं.

"काकू," तो म्हणे, अन् आवाज एवढासा निघाला का मले वाकून आयका लागलं. "मी पियुष. चंद्रपूरचा."

घ्या. एवढ्या मोठ्या डब्ब्यातून पियुष निघाला.

"मी रात्रभर खपून भरलं ते," म्हणे. "तुम्ही काऊन खोदून राह्यल्या?"

"तू काऊन भरलं ते सांग आधी."

त्यानं खाली पाह्यलं. म्हणे, "त्या दिवशी मी उडालो ना काकू, तवा खाली पाह्यलं होतं. पाण्यात एक माणूस होता. त्यानं हात वर केला होता. एका हातानं उचलून घेतलं असतं मी त्याले. मले बस वाकाचं होतं. पण तो उडणारा मागून येत होता अन्... मले हरायचं नव्हतं."

माझ्या हातातला फावडा कसा सुटला मले समजलं नाई. त्याच्या छातीवर टणकन आपटला अन् खाली पडला. त्याले काय लागणार? लोखंडाले खरोचा बी नाई आला. मी मुठीनं मारलं, माझेच हात सोलले. मी त्याले जे जे म्हटलं ते इथी सांगत नाई. करिष्माच्या बाबांनी हात वर केला होता. हे मले कोणी सांगतलं नव्हतं. मी समजत होती का पाळीखाली दबले, समजलंच नसन त्यायले काही. ते वाट पाहून राह्यले होते माय. कोणीतरी उचलन म्हणून.

मी खाली बसली. तो बी बसला, करकर आवाज करत. दूर लोकं उभे होते, जवळ कोणी ये ना.

"त्यांचं नाव काय होतं?" त्यानं विचारलं.

"तुले नाव बी माहीत नाई?"

"पेपरात 'एक शेतकरी' छापलं होतं."

सांगावं म्हटलं तं जिभेवर येईच ना. एवढ्या सालची सवय. अन् आपलं माणूस ज्यानं नेलं, त्याले त्याचं नाव काऊन द्या? "मी त्यायचं नाव घेत नसते," मी म्हटलं. त्याले वाटलं, रागानं. त्यानं पुन्हा विचारलं नाई.

मंग म्हणे, "काकू, मी ठरवून आलो आहो. खिंडार मोकळं करा तुम्ही. मी या चिलखतासकट त्यात उभा राह्यतो. वरून माती टाका. दगडापेक्षा पक्कं राहील, कधी फुटणार नाई. माझा बी हिशेब संपन."

डोळे कसे चमकत होते त्याचे ते सांगताना! जसा काही बँडबाजा वाजणार हाय अन् आकाशातून फुलं पडणार हाय.

"अस्सं," मी म्हटलं. "म्हणजे तू मरून मोकळा. अन् लोखंड सडलं का पाणी तिथूनच फुटन, ते आम्ही पाहाचं."

"मंग काय करू? तुम्ही म्हणान ते करतो."

"खरंच?"

"हाव."

"मंग डब्ब्यातून निघ."

तो घाबरला. मी खोटं नाई सांगत, माझ्या मुठीले घाबरला नाई तो, पण याले घाबरला. म्हणे, याच्याशिवाय मले धड चालता येत नाई, लोकं मारतीन. मी म्हटलं, "मारतीन तं मारतीन. माझ्या घरचा माणूस तू नेला. उद्या पाळीचा दिवस हाय. माझ्या घरच्या वाट्यात कोणी उभं नाई. उभा राह्य. अनवाणी. दिवसभर माती तुडव. अन् फक्त उद्या नाई. पाळ दर साली तुडवा लागते."

"मी नंतर चंद्रपूरले जाऊन हजर होणार आहो पोलिसात."

"जा ना. अडवलं कोणी? तिथून सुट्टी मागून येजो."

"तुम्ही मले माफ केलं काय?"

"नाई," मी म्हटलं. "माफी-बिफी काही नाई. काम हाय."

त्यानं छातीवरची कडी उघडली, मंग हाताची, मंग पायाची. शेंगेतून दाणा निघावा तसा निघाला. बारका, बनियन घातलेला. पाय भिजल्या पोह्यावानी पांढरे अन् लिबलिबीत. तापल्या मातीवर पाय टेकवला अन् "आई गं" म्हणून नाचाले लागला. दुरून कोणीतरी खिदळलं. मले बी हसू आलं, पण मी आलं तसं गिळलं.

उद्या माझ्या वाट्यात माणूस उभा राहीन म्हटल्यावर साऱ्या गावानं मिळून संध्याकाळपर्यंत त्याचे दगड काढले; काढाले कोणीबी चालते, रीत तुडवाची हाय. तो बी टोपले वाहत होता, अर्धे सांडत. कोणी त्याच्याशी बोललं नाई. एकानं थुंकलं, तो पुसून पुढे गेला. मोहाखाली त्याच्या डब्ब्यावर बकऱ्या चढून बसल्या होत्या. मी त्याले जेवाले देलं, ओसरीवर, भात अन् आंबाडीची भाजी.

सकाळी सारं गाव पाळीवर. ढग एवढे खाली आले होते का हात लावावा. माती भिजवून तयार. घराघराचा माणूस आपापल्या वाट्यात. माझ्या वाट्यात पियुष, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाले फोड. मी काठावर. हा नाई बोलला तं? बोलला अन् लोकायनं नाई म्हटलं तं? आज बी खिंडार राह्यलं तं रीताच्या लेकरायले काय तोंड दाखवू?

हरिदासभाऊनं हाका माराले सुरुवात केली. "इतवारीच्या घरचा कोण?" "आला!" "जंगूच्या घरचा कोण?" "आला!" हाक सरकत सरकत तुडुमाकडे आली. हरिदासभाऊ थांबला. माझ्याकडे पाह्यलं. मंग जोरात:

"गुणवंतरावच्या घरचा कोण?"

पियुष तसाच उभा, इकडे तिकडे पाहून राह्यला, आपली पाळी कवा येते म्हणून.

"गुणवंतरावच्या घरचा कोण?" हरिदासभाऊ पुन्हा.

सारं गाव त्या पोराकडे पाहून राह्यलं होतं. रीतानं तोंडावर पदर धरला. मी त्याच्याजवळ सरकली. "बोल ना बे. तुलेच विचारून राह्यले."

तो माझ्याकडे वळला, अन् त्याच्या त्या एवढ्याशा आवाजात म्हणे, "काकू, गुणवंतराव कोण?"

मले त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मंग समजलं. याले कोण सांगणार होतं? गावात कोणी याच्याशी बोललं नाई. अन् मी नाव घेत नाई.

हरिदासभाऊ तिसऱ्यांदा हाक मारत नसते. वाट पाहते, अन् पुढे जाते.

"गुणवंतराव," मी म्हटलं. माझाच आवाज मले ओळखू आला नाई. "गुणवंतराव माझा नवरा. पाण्यात हात वर केला होता ना, तो गुणवंतराव. उभा तू त्याच्या जागेवर हायेस. बोल."

त्याचं तोंड उघडलं. अख्खं चंद्रपूर ज्याच्या बोलण्यानं थरथरे, त्याले एक शब्द फुटे ना. डोळ्यातून नुसतं पाणी.

हरिदासभाऊनं पुढच्या घराकडे तोंड फिरवलं.

मी चपला काढल्या. त्या वाट्यात उतरली, गुडघाभर ओल्या मातीत, त्याच्या बाजूले. पाय टेकले माझे. अन् जेवढा दम होता तेवढा लावून वरडली, "ओ हरिदासभाऊ! गुणवंतरावच्या घरचा आला!"

मंग त्या पोराचा दंड धरला अन् म्हटलं, "चाल, तुडव आता."