पाटी उभी करायची पाळी

परिषदेच्या टेबलावर प्रत्येक देशापुढे त्याच्या नावाची एक पाटी असते. एरवी ती आडवी पडलेली असते. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने ती उभी करायची, आणि एक जरी पाटी उभी राहिली तरी कलम बारगळतं. सहा शेजारी देशांनी मिळून हा नियम केला. सगळ्यांचं एकमत असल्याशिवाय काहीही करायचं नाही, असं मोठ्या प्रेमाने ठरलं आणि तेव्हापासून काहीही झालेलं नाही. भाषणं मात्र दर वर्षी होतात. त्यांत ‘सहकार्य’ हा शब्द इतक्यांदा येतो की दुभाषी बाई तो कानावर पडायच्या आतच बोलून मोकळ्या होतात.

शेजार विभागाचा उपसचिव या टेबलाशी बसून बसून चाळिशीला आला होता. त्याचं काम काय, असं बायकोने एकदा विचारलं, तेव्हा त्याने खरं सांगितलं, ‘काही होऊ न देणं.’ ती हसली. तिला वाटलं गंमत करतोय.

सातवं कलम दर वर्षी यायचं. नदीवरचा बंद पूल महिन्यातून एक दिवस नातेवाइकांसाठी उघडावा, कागदपत्रं न बघता त्यांना पुलाच्या मध्यावर भेटू द्यावं, एवढंच त्यात होतं. ते मांडायचा सहांपैकी दूरच्या बेटावरचा एक देश, ज्याचा त्या नदीशी काडीचाही संबंध नव्हता. पूल ज्यांच्यामध्ये होता त्या दोघांनाही तो उघडायला नको होता, पण नको म्हणायची लाज दोघांनाही वाटायची. मग हळूहळू एक रीत पडली. एका वर्षी उपसचिवाच्या देशाने पाटी उभी करायची, पुढच्या वर्षी पलीकडच्यांनी. बदनामी निम्मी निम्मी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी कुणाशी बोललंही नव्हतं. दोन्हीकडच्या माणसांना ते नुसतं ठाऊक होतं, आणि ते बोलायचं नाही हेसुद्धा ठाऊक होतं.

या वर्षी पाळी उपसचिवाची होती. आणि त्याची आई पुलापलीकडे होती.

ती पलीकडे सासर असलेल्या ताईच्या बाळंतपणाला म्हणून गेली आणि मागे पूल बंद झाला. तेव्हा जन्मलेला भाचा आता शाळेत जाऊन आजीला धडे वाचून दाखवत होता. आईची प्रवासाची कागदपत्रं केव्हाच बाद झाली होती. दुसऱ्या वाटेने आपण जावं, तर शेजार विभागात असेपर्यंत पलीकडे पाऊल टाकायचं नाही, असा सरकारी नियम. बदलीसाठी त्याने अर्ज करकरून बोटं झिजवली होती. नोकरी सोडावी, तर मुलीचं शिक्षण अर्ध्यात आणि सासरे घरात अंथरुणाला खिळलेले. गेल्या आठवड्यात ताई फोनवर म्हणाली होती, ‘भाऊ, डॉक्टर आता औषध बदलत नाहीत रे. जे आहे तेच चालू ठेवा म्हणतात.’ याचा अर्थ दोघांनाही कळला, पण दोघं भाच्याच्या परीक्षेबद्दल बोलत राहिली.

सकाळी लिफ्टमध्ये सचिवसाहेबांनी त्याच्या टायकडे बघत आठवण करून दिली.

‘सातवं कलम. या खेपेला आपली पाळी.’

‘हो सर.’

‘मी मंत्र्यांबरोबर वरच्या दालनात असेन. तुम्ही आहात म्हटल्यावर मला घोर नाही.’

सभागृहाच्या खिडक्या न उघडणाऱ्या होत्या. सुरक्षा म्हणून काच पक्की बसवलेली, आणि दारं कलमांवर चर्चा चालू असताना बाहेरून बंद. आतल्या हवेला गालिच्याचा आणि गार झालेल्या कॉफीचा वास होता. समोर पलीकडचे प्रतिनिधी बसले होते. जाड चष्म्याचे, शांत गृहस्थ. यांच्याशी त्याने वर्षानुवर्षं हवापाण्याबद्दल बोलण्यात हयात घालवली होती. त्यांना मुलं किती हेही त्याला माहीत नव्हतं.

पाचवं झालं, सहावं झालं. अध्यक्षबाईंनी सातवं वाचलं आणि टेबलाभर नजर फिरवली. ‘कुणाची हरकत?’

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बेटावरच्या देशाच्या पोरसवदा बाईंनी तर आधीच पेनाला टोपण लावलं.

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. ते त्याने तिथेच ठेवले. शौर्य वगैरे काही त्याच्या मनात नव्हतं. हात वर न्यायचा म्हटलं की आई दिसत होती, भाच्याचा धडा ऐकता ऐकता डुलकी लागलेली. आज एकदाच गप्प बसायचं. साहेब फाडून खातील, खाऊ देत. ठराव झाला की झाला, मग कुणाच्या बापाला तो मागे घेता यायचा नाही.

अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं. चष्मेवाल्यांनी त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्याने नजर खाली घातली. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. अध्यक्षबाईंचा हात हातोडीकडे गेला आणि त्याच्या छातीत इतकं धडधडायला लागलं की ते माइकमधून ऐकू जाईल असं त्याला वाटलं.

समोरची पाटी उभी राहिली.

चष्मेवाल्यांनी ती दोन बोटांनी उचलली होती आणि ते स्वतः मात्र टेबलाकडे बघत होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘हरकत नोंदली. कलम आठ.’

दारं उघडल्यावर चष्मेवाल्यांनी त्याला बाहेर व्हरांड्यात गाठलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला होता.

‘अहो, पाळी तुमची होती!’

‘माहीत आहे.’

‘मग? झोपलात की काय? मला वरून बजावलं होतं, काही झालं तरी एक पाटी उभी राहिलीच पाहिजे. तुम्ही ढिम्म. मी काय करणार होतो?’

‘माझी आई आहे तुमच्याकडे,’ तो म्हणाला. ‘थकली आहे. फार दिवस नाहीत.’

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘एका शब्दाने तरी कानावर घालायचं होतंत,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘मी सकाळीच आजारी पडलो असतो. खुर्ची रिकामी, पाटी आडवी. आजारी माणसाला कोण जाब विचारतं?’

ते खरं बोलत होते की नुसतं सौजन्य दाखवत होते, हे त्याला कळेना. आयुष्यभर त्या दोघांनी सौजन्यच तर दाखवलं होतं. पण ते खरं असेल तर? एका माणसाला एक वाक्य बोलायचं होतं, आणि न बोलण्याची एवढी सवय जडली होती की ते सुचलंसुद्धा नाही.

तेवढ्यात सचिवसाहेब जिन्यावरून जवळजवळ धावतच आले. आता आपली धडगत नाही, असं समजून तो ताठ उभा राहिला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

‘कमाल केलीत हो! आपली पाळी असून त्यांच्या खांद्यावर बंदूक! मंत्री खूश आहेत एकदम. तुमचा तो बदलीचा अर्ज होता ना, तो मी सरळ बाजूला ठेवलाय. निवृत्त होईपर्यंत ही खुर्ची तुमची.’

‘सर, मी...’

‘लाजू नका हो.’

साहेब गेले. जेवणाची वेळ झाली होती. सगळे देश हसतखेळत आत गेले, आणि त्याने जिन्याखालच्या कोपऱ्यात जाऊन फोन लावला. ताईने पहिल्याच घंटीला उचलला.

‘झालं का रे?’ तिने विचारलं. मागे भाचा आजीला सांगत होता, मामाचा फोन आहे, मामाचा.

‘नाही झालं.’

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला; ती फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली होती.

‘ताई, ऐक. मी पाटी उभी केली नाही. खरंच नाही केली. माझे हात मांडीवर होते. त्यांनी केली, तुमच्याकडच्यांनी. आईला सांग, मी नाही केली.’

‘सांगते,’ ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. ‘दर वर्षी तेच सांगते रे मी तिला. तू दर वर्षी हेच तर म्हणतोस.’