दादाची साक्ष

केस पांढरे व्हायला लागले तरी घरात ती धाकटीच राहिली होती. डायलिसिस केंद्रातली तंत्रज्ञाची नोकरी गेल्यापासून ती चौकशी कार्यालयाचे उंबरठे झिजवत होती. तिथल्या बाकाचा कुठला खिळा टोचतो हेही आता तिला पाठ झालं होतं.

तक्रार काही फार गुंतागुंतीची नव्हती. यंत्रावर रक्त गाळायला फिल्टर लागतो आणि दरवेळी नवा वापरण्यासाठी सरकार केंद्राला पैसे देत होतं. केंद्राचे डॉक्टर मात्र जुनेच फिल्टर मागच्या खोलीत धुवून घेत आणि बिल नव्याचं लावत. धुणारे हात धाकटीचेच होते. धुण्याच्या औषधाचा आंबट वास कितीही साबण लावला तरी जात नसे. पुढे पुढे एकाचा फिल्टर दुसऱ्याला लागायला लागला, तेव्हा तिला राहवेना आणि तिने तक्रार केली. महिन्याभरात काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. भोळीच म्हणायची.

गंमत अशी, की तिचा सख्खा दादा त्याच केंद्रात आठवड्यातून तीनदा उपचार घेत होता. जवळपास दुसरं यंत्रच नव्हतं. केंद्र बंद पडलं तर मोठं इस्पितळ अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि तिथे जागा मिळाली तर मिळाली. वहिनी तिच्याशी धड बोलत नव्हती. धाकटीला त्याचा राग येत नव्हता. राग यायलाही अंगात त्राण लागतं.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टर आधीच येऊन बसले होते आणि त्यांच्या शेजारी दादा. सकाळी तिनेच त्याला गोळ्या काढून दिल्या होत्या, पण तेव्हा हा बाबा मूग गिळून बसला होता.

अधिकारी भला माणूस होता, फक्त त्याची जेवणाची वेळ झाली होती. "फिल्टरचं पाकीट तुमच्यासमोर फोडतात का?" त्याने दादाला विचारलं.

"हो साहेब. दरवेळी नवं."

"कधी त्रास झाला?"

"नाही. फार चांगलं बघतात."

मागच्याच आठवड्यात तो तिथून आला तो थंडी वाजून कुडकुडत होता आणि धाकटी त्याचे पाय चोळत बसली होती. आता तो तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"बाई, बाकीचे रुग्णही हेच सांगतात," अधिकारी म्हणाला. "तुमचे भाऊ खोटं बोलताहेत असं म्हणणं आहे का तुमचं? नसेल तर आजच मिटवू प्रकरण."

नाही म्हटलं की संपलं. केंद्र चालू राहील, दादाची खाट राहील, वहिनी पुन्हा चहा विचारेल. तिला इतका शीण आला, की तिथेच फरशीवर आडवं व्हावं. पण दादा उद्या पुन्हा त्याच फिल्टरवर झोपणार होता.

"हो," ती म्हणाली. "खोटं बोलतोय तो. त्याचे डोळे बघा, साहेब. पिवळे झालेत. दुसऱ्याच्या रक्तातून लागते ही कावीळ. केंद्रात आला तेव्हा त्याला कावीळ नव्हती, तेव्हाची तपासणी मीच केली होती. आज पुन्हा करा."

डॉक्टर एकदम सरळ बसले. दादाने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं.

"कधीपासून दिसतंय तुला?"

"चार दिवस झाले."

"आणि घरात बोलली नाहीस."

"धीर होत नव्हता रे."

मग ज्या हाताला यंत्राच्या सुया टोचत नसत, त्या हाताची बाही त्याने वर सरकवली.

"घ्या साहेब, काय तपासायचं ते तपासा," तो म्हणाला, आणि मग तिला, "उद्या माझी पाळी आहे, धाकटे. कुठे जायचं?"

"बघते," ती म्हणाली. कुठे ते तिला खरंच माहीत नव्हतं.